बेबीची तीन मिनिटं

आधीच सांगून ठेवतो, ही बेबीची गोष्ट आहे, माझी नाही. पण त्यात माझं तोंड काळं झालंय, म्हणून मला वगळून ती सांगता येत नाही. नाहीतर मी कशाला मध्ये नाक खुपसलं असतं! तसं म्हणायचं, तर खुपसलं म्हणूनच हे सगळं झालं.

बेबी माझी धाकटी बहीण. बावन्न वर्षांची आहे, केस पिकलेत, तरी घरात बेबीच. बाहेर ती बेबीताई, नाहीतर वजनताई, कारण ती वाळलेल्या पोरांच्या दवाखान्यात वजनं घेते. दोन खोल्या, एक व्हरांडा, व्हरांड्यात आयांसाठी दोन बाकं. आत टांगलेला वजनकाटा आणि बेबीच्या कोटाच्या खिशात दंड मोजायची पट्टी. पट्टीवर तीन रंग असतात. पोराच्या दंडाभोवती ती गुंडाळायची आणि तांबडा आला तर पोर धोक्यात, पिवळा आला तर काठावर, हिरवा आला तर सुटलं. तांबड्यातल्या पोराला दर आठवड्याला पाकिटं मिळतात. त्यात दाण्याची आणि दुधाची गोड, चिकट लापशी असते, औषधासारखी मापून द्यायची. हिरवा आला की बेबी त्या पोराच्या अंगठ्याला चिमटा काढते आणि म्हणते, "पळ इथून! परत दिसलास तर बघ!" आया हसतात, पोर रडतं, आणि ही पुढच्याला हाक मारते.

बोलण्यात ती अशीच. आडपडदा नाही, गोडवा तर त्याहून नाही. नवरा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली ती एका बॅगेनिशी आणि एका अटीवर. "दादा, मला सल्ले द्यायचे नाहीत." ती अट मी दिवसातून चार वेळा मोडतो.

मी अर्ज लिहून देणारा. मोठ्या कचेरीच्या फाटकासमोर टेबल टाकून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. माझं अक्षर मोत्यासारखं आहे असं तिथले शिपाईसुद्धा म्हणायचे. माझी पद्धत ठरलेली. आधी नमस्कार, मग स्तुती, मग आभार आणि मागणी सगळ्यात शेवटी, तीही अशी की मागितल्यासारखी वाटू नये. कामं व्हायची माझ्या अर्जांनी. निदान मला तरी तसंच वाटायचं.

तर ती पाकिटं एका लांबच्या देशाच्या सरकारकडून मदत म्हणून यायची. इतकी वर्षं येत होती की कुठून येतात हे कुणी विचारतही नव्हतं. एका सकाळी बातमी आली की त्या सरकारने परदेशांना द्यायची सगळी मदत थांबवली. पुढच्या वर्षापासून नव्हे, त्याच दिवसापासून. निघालेला माल वाटेत अडकला आणि दवाखान्याला चार ओळींचं पत्र आलं, की नवीन काही मिळणार नाही.

मग काय, जो तो बोलायला लागला. चहाच्या दुकानात दोन तट पडले. केस कापणारा म्हणाला, "बरं झालं! दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस काढायचे? लाज नको?" शाळेचे मास्तर उसळले, "खातात ती दीड-दोन वर्षांची पोरं. त्यांनी लाज कशाची धरायची, सांगा की!" तिसरा म्हणाला, आपलं सरकार झोपलंय का. मी चष्मा पुसून अक्कल पाजळली, "अहो, नीट विनंती केली तर कुठलंही सरकार ऐकतं. मागायची एक रीत असते." माना डोलल्या. मला फार बरं वाटलं.

वाद त्या मदत देणाऱ्या देशातही पेटला होता. आमची पोरं आधी, असं काहीजण म्हणत होते, आणि दिलेला शब्द असा मध्येच मोडता येत नाही, असं बाकीचे. शेवटी त्यांच्या सभागृहाने खुली सुनावणी ठेवली. ज्या ज्या देशांत मदत जात होती तिथल्या काही माणसांनी पडद्यावरून बोलायचं, प्रत्येकी तीन मिनिटं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी खटपट करून एक जागा मिळवली आणि नाव दिलं बेबीचं. म्हणाल्या, "मी बोलले तर अहवाल वाटेल. तुम्ही रोज दंड मोजता, तुम्ही बोला."

त्या वेळी दवाखान्यात एकोणीस पोरं तांबड्यात होती. त्यातली एक इस्त्रीवालीची मुलगी, दीड वर्षाची. बेबीने तिचं नाव करंगळी ठेवलं होतं, दंड पाहूनच. पाच आठवड्यांच्या पाकिटांनी करंगळीचा दंड तांबड्याच्या कडेला आला होता, पिवळ्याला दोनच रेघा उरल्या होत्या. बेबी घरी येऊन रोज तेवढंच सांगायची, "दादा, दोन रेघा!" इस्त्रीवालीने सुनावणीसाठी बेबीचा पांढरा कोट असा कडक करून आणून दिला की तो उभा ठेवला असता तर उभा राहिला असता.

बेबीने भाषण लिहिलं ते स्वयंपाकघरात, पाठकोऱ्या कागदावर. चारच ओळी. "मी मुलांचे दंड मोजते. आज एकोणीस मुलं तांबड्या रंगात आहेत. पाकिटं आठ दिवस पुरतील. नवव्या दिवशी मी या मुलांना काय देऊ, ते मला सांगा."

मी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, हा काय भांडणाचा सूर! केवढ्या मोठ्या सभागृहासमोर बोलणार तू. एक नमस्कार नाही, आभार नाही. इतकी वर्षं त्यांनी दिलं, त्याचं काहीच नाही?"

"तीनच मिनिटं आहेत, दादा."

"तीन मिनिटांत माणुसकी सोडायची असते का?"

ती भांडी घासायला वळली. मी रात्रीच्या जेवणाआधी दोन पानं लिहून काढली. काय भाषा होती! "परम आदरणीय अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यगण आणि त्या थोर देशातील दानशूर नागरिकहो..." पुढे, "आपल्या कृपाछत्राखाली आमची बालके सुखाने वाढत असून आज आम्हांस कशाचीही उणीव नाही..." असं करत करत शेवटच्या परिच्छेदात तिच्या चार ओळी, जरा मऊ करून. भिंतीवरच्या घड्याळावर वेळ लावली. बरोबर दोन मिनिटं पन्नास सेकंद. मी स्वतःवर खूश होतो.

सुनावणी आमच्या वेळेने संध्याकाळी पाचला होती. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत कॉम्प्युटर लावला होता. त्या, नर्स, गोदाम सांभाळणारा, गाडीचा ड्रायव्हर आणि बेबीच्या शेजारच्या खुर्चीत मी. मला कुणी बोलावलं नव्हतं. भाषणाची दुसरी प्रत घेऊन मीच बसलो होतो, कुठे चुकली तर सांगायला.

बेबीने पहिलं वाक्य वाचलं आणि थांबली, कारण तिकडे एक मुलगी ते त्यांच्या भाषेत सांगायला लागली. ते संपलं, मग दुसरं वाक्य, मग परत ती मुलगी. एवढं साधं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! तीन मिनिटांतली निम्मी त्या मुलीची होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते. बेबीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी आपला ओळीखाली बोट ठेवून पुढचं वाक्य दाखवत राहिलो. तिने वाचलं, "आज आम्हांस कशाचीही उणीव नाही." त्या मुलीने ते सांगितलं, आणि घंटा वाजली. अध्यक्षांनी हसून आभार मानले. बेबीचं तोंड उघडंच होतं. मग पडद्यावर दुसऱ्या देशातला एक माणूस आला.

त्याच्यानंतर दोघे बोलले. मग सभागृहातले एक पांढऱ्या भुवयांचे सदस्य उठले. ते मदत थांबवण्याच्या बाजूचे होते. आवाज मात्र अगदी मायाळू. ती मुलगी आम्हाला ते आमच्या भाषेत सांगत होती. म्हणाले, "मघाशी त्या बाई किती मनापासून बोलल्या. मुलं सुखाने वाढताहेत, आम्हाला काही कमी नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. आपलं काम यशस्वी झालं. आता थांबण्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही." टाळ्या पडल्या. मदत चालू ठेवा म्हणणाऱ्या एक बाई काहीतरी बोलायला उठल्या, पण त्यांचा आवाज त्या टाळ्यांत बुडाला.

डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर बंद केला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "बेबीताई, हे कुणी लिहिलं? तुम्ही असं बोलत नाही."

माझी प्रत माझ्या मांडीवर होती. मोत्यासारख्या अक्षरातली.

"मीच लिहिलं," बेबी म्हणाली.

"तुम्ही?"

"हो. मला वाटलं, आधी आभार मानावेत. चुकलं माझं."

आणि मी काय केलं? छताच्या पंख्याकडे बघत बसलो. मांडीवरच्या कागदाची घडी घातली, मग घडीची घडी घातली आणि खिशात कोंबली. एक वाक्य बोलायचं होतं हो, चाळीस वर्षं लोकांसाठी हजारो वाक्यं लिहिणाऱ्या माणसाला! नाही बोललो. गोदामवाला बेबीला म्हणाला, "घालवलंत ना सगळं, ताई." तेही ऐकून घेतलं.

घरी येताना मी म्हटलं, "बेबी, तू कशाला..."

"जाऊ दे. चार माणसांत तुझी मान खाली कशाला?" थोडं चालल्यावर म्हणाली, "मला मध्येच वाटलं होतं, वरचं सगळं सोडावं आणि एकदम शेवटचं वाचावं. पण तू बोट ठेवून बसला होतास."

एवढंच बोलली. त्यानंतर घरात या विषयावर एक शब्द नाही. मला जेवण गोड लागेना, पण जेवत होतो, खोटं कशाला बोलू.

बेबीचा तो आवाज रेडिओवर तीन-चार दिवस वाजत होता. चहाच्या दुकानात पहिल्या दिवशी लोक म्हणाले, वजनताईने आपल्याच तोंडाने दवाखाना बुडवला. दुसऱ्या दिवसापासून मी आत शिरलो की विषय बदलायचा. मला वाटायचं, तिचा भाऊ म्हणून माझी कीव करताहेत. मी मान हलवायचो, उसासा टाकायचो आणि चहा पिऊन उठायचो. अशी माझी थोरवी!

नवव्या दिवशी पाकिटं संपली. बेबी तरी रोज जात होती. पगार बंद झाला, तरी काटा लावायची, दंड मोजायची, वहीत लिहायची. घरून दूध उकळून न्यायची, दाणे कुटून न्यायची, पण एकोणीस पोरांना ते कितीसं पुरणार, आणि औषधाची बरोबरी ते कुठून करणार. संध्याकाळी आली की बादलीतल्या पाण्याने हात धुवत बसायची. दोन रेघांचं बोलणं बंद झालं. मी विचारायची हिंमत केली नाही.

मग एका सकाळी इस्त्रीवाली माझ्या टेबलापाशी आली. खांद्यावर करंगळी. पोर झोपल्यासारखं दिसत होतं, पण डोळे उघडे होते. बाही वर सरकली होती आणि तिचा दंड मला दिसला. तो मोजायला पट्टीची गरज नव्हती.

"दादा, मोठ्या इस्पितळात खाट मिळत नाही म्हणतात. अर्ज आणा म्हणाले. बेबीताई पोचल्यात तिथे, डॉक्टरांना गाठायला. मी अर्ज घेऊन जाते. लिहून द्या."

मी कागद घेतला. समोर ते पोर आणि मी पेन धरून बसलेला. मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, थांबा. ते भाषण बेबीचं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. तिने नीट लिहिलं होतं, मी ते बदललं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो."

ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. मला त्या हव्याच होत्या. तिने पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"माहीत आहे की," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? बेबीने?"

"छे! ती कसली सांगतेय. कुणी सांगायला कशाला हवं? बेबीताईला कधी असं बोलताना ऐकलंय का कुणी? दवाखान्यात सगळ्यांना माहीत आहे, चहावाल्यालासुद्धा. गोदामवाले तर दुसऱ्याच दिवशी ताईंची माफी मागून गेले."

ते विषय बदलणं, त्या खाली गेलेल्या नजरा. सगळं तेव्हा कळलं. इतके दिवस मी त्यांच्यासमोर उसासे टाकत होतो आणि ते बघत होते.

"मग मला का नाही कुणी बोललं? निदान तुम्ही तरी यायचं होतं. तोंडावर बोलायचं होतं."

"तुम्हाला?" तिला खरंच नवल वाटलं. "तुम्ही वडीलधारे, दादा. तुम्हाला असं कोण बोलणार?"

मग तिने कागदाकडे बोट केलं. "लिहा ना लवकर. इस्पितळाची खिडकी बाराला बंद होते."