तोकुजी न्हावी हरवला त्याची गोष्ट

हिनोसे गावातलं जवळजवळ प्रत्येक डोकं कधी ना कधी तोकुजी ओबाराच्या हाताखालून गेलं होतं. कुणाला दोन भोवरे, कुणाच्या टाळूवर लहानपणची खोक, हे तो डोळे मिटून सांगायचा. बायको गेली तरी त्याने दुकान चालूच ठेवलं. पण एकदा वस्तऱ्याने गिऱ्हाइकाचा कान कापला, आणि त्याच दिवशी त्याने दारातला न्हाव्याच्या दुकानाची खूण असलेला फिरता रंगीत खांब कायमचा बंद केला.

घरात आता तो आणि नात चिहारू, दोघंच. आईबापांची ताटातूट झाली तेव्हा चिहारू लहानपणीच आजोबांकडे आली आणि इथलीच होऊन गेली. गावच्या कचेरीत ती नोकरीला होती. खांबाखांबांवर बसवलेल्या कर्ण्यांतून सूचना वाचायचं काम तिचं. वादळ येतंय, उद्या पाणी नाही, ओढ्याकाठी अस्वल दिसलं. सगळं तिच्याच आवाजात. तोकुजी शेजाऱ्यांना गप्प करायचा, "थांबा हो, आमची पोरगी बोलतेय."

एप्रिलात बांबूला कोंब फुटले. कोंब घालून केलेला भात म्हणजे चिहारूचा जीव की प्राण. ती कामावर गेल्यावर तोकुजी कुदळ घेऊन देवळामागच्या बांबूच्या बेटात शिरला. चांगले लठ्ठ कोंब निघाले. पोतं खांद्यावर टाकून तो टेकडी उतरू लागला, तर जिथे भातखाचरं असायची तिथे काळ्या सौर पॅनेलांच्या रांगा पसरलेल्या. ही आपली वाट नव्हे असं वाटून तो मागे फिरला, मग पुन्हा फिरला. शेवटी डांबरी रस्त्याकडेच्या एका बंद पडलेल्या बसथांब्यावर बसला. जरा दम खाल्ला की आठवेल, असं स्वतःला समजावत राहिला.

कर्ण्यांवर रोजची संध्याकाळची धून वाजली. पाठोपाठ चिहारूचा आवाज आला.

"नागरिकांना विनंती. श्री. तोकुजी ओबारा, वय सत्याऐंशी, दुपारपासून घरी परतलेले नाहीत. अंगात जांभळं बायकी जाकीट. एका पायात काळा बूट, दुसऱ्या पायात..." आवाज अडखळला. "दुसऱ्या पायात निळा. कुणाला दिसल्यास कचेरीत कळवावं."

तोकुजीने खाली पाहिलं. डाव्या पायात चिहारूचा निळा बूट होता, टाच चेंगरून बाहेर आलेली. अंगात बायकोचं जाकीट. हे त्याला आत्ता, साऱ्या गावाबरोबरच कळलं.

त्याचे कान तापले. मागच्या वर्षी म्हाताऱ्या त्सुनेचं नाव असंच पुकारलं होतं, तेव्हा "दावं बांधा तिच्या गळ्यात" असं म्हणून तो पोट धरधरून हसला होता.

वळणावर अग्निशमन दलाची लाल गाडी दिसली. गावातल्याच स्वयंसेवकांची. हात वर करायचा सोडून तोकुजी थांब्यामागे जाऊन उकिडवा बसला. गाडीतून त्याच्या नावाने हाका मारत माणसं पुढे निघून गेली. आवाज ओळखीचे होते, एकेकाची मान आठवत होती. नाव पुन्हा पुकारलं गेलं. तो हलला नाही.

दिवेलागणीला चिहारूची छोटी गाडी आली. थांब्याच्या बाकावरचं कोंबांचं पोतं तिला दिसलं.

"आजोबा!"

"हळू बोल गं."

ती मागे आली. त्याला तसा बसलेला पाहून तिचा बांधच फुटला. "तीनदा वाचलं मी. ऐकू नाही आलं?"

"आलं."

"आणि गाडी? सेगावाकाका इथूनच गेले ना?"

तोकुजी पायांकडे बघत राहिला. "दिसली. लपलो."

तिला रागवायचं होतं, पण ती ओल्या गवतात त्याच्याशेजारी बसली. "शेजारच्या काकूंनी दुपारीच फोन केला होता, असल्या कपड्यांत बाहेर पडलेत म्हणून. मी कुणाला सांगितलंच नाही. वाटलं, येतील आपले आपण. तुमचं नाव कर्ण्यावर घ्यायची मला लाज वाटली, आजोबा."

तिने त्याचा निळा बूट काढला आणि चोळून चोळून पाय गरम केला.

दुसऱ्या दिवशी मिठाईचे डबे घेऊन दोघं दारोदार माफी मागायला निघाली. सेगावा दलाचा प्रमुख. तो म्हणाला, "अहो, मास्तर, इतकी वर्षं तुमच्या वस्तऱ्याखाली मान दिली, एक संध्याकाळ तुमच्यासाठी हिंडलो तर काय मोठं?" त्याच्या चांगुलपणाने तोकुजीची मान आणखीच खाली गेली. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण लपलो होतो, हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण चिहारूने बाही ओढली. ते खोटं तो तसंच घेऊन पुढच्या दारी गेला.

त्सुनेच्या दारात तो इतका वेळ वाकून राहिला की तिचा मुलगा अवघडला. "पुरे हो, पुरे. आम्ही तर शोधायलाही आलो नव्हतो." त्सुने आतून म्हणाली, "कोण आलंय रे? चहा दे त्यांना."

घरी आल्यावर तोकुजीने सुईदोऱ्याचा डबा नातीपुढे सरकवला आणि आपला करडा कोट तिच्या मांडीवर ठेवला.

"यावर माझं नाव शिव. तुझा फोन नंबरही. आतल्या बाजूने हं, दिसायला नको."

"मला शिवता कुठे येतं?"

"वेडंवाकडं चालेल."

ती शिवत बसली. टाका चुकला की तो बोटाने दाखवायचा आणि ती मुकाट्याने उसवायची.