पाय टेकला, थैली नाही

ज्याच्यावर अन्याय झाला तो महाड-पोलादपूर वाटेवरचा टपालाचा हरकारा. वय पन्नाशीच्या पुढे, चाकरी सव्वीस पावसाळे. अन्याय झाला गेल्या आश्विनातल्या पुनवेला, भर दुपारी, दासगाव आणि महाड यांच्यामधल्या खाडीच्या बांधावर. मी तिथे उभा होतो. या अन्यायात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी मला ते ऐकवायला नको.

मी एक पत्रक छापलं होतं. 'माणसाला बैलासारखं पळवू नका, हरकाऱ्याला सायकल द्या!' टपाल वाहण्याचा मक्ता ज्याच्याकडे होता त्या मक्तेदाराने ते वाचलं आणि हुकूम काढला: दिवाळीपासून टपाल सायकलीवर जाईल, ज्याला सायकल येत नाही त्याने घरी बसावं. दुसरं वाक्य माझ्या पत्रकात नव्हतं. पण पहिलं माझंच होतं. आणि ज्याच्यासाठी सायकल मागितली त्याला मक्तेदाराने विचारलं नव्हतं, तसं मीही विचारलं नव्हतं.

हरकारा कशेडीच्या पायथ्याच्या वाडीतला. हुकूम ऐकून सरळ माझ्या दारात आला. "तूच मागितलीस ना? मग आता तूच शिकव."

दीड महिना रोज सकाळी महाडच्या बंदरावर आम्ही माझी सायकल घेऊन झुंजलो. त्याची खोड अशी की तोल जायला लागला की तो पळायला लागे. पायडलं सोडून दोन्ही पाय जमिनीवर, आणि सायकल दोन पायांमध्ये धरून हा धावतोय! धुणं धुणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बघत.

"काका, घोडा तुमच्यावर बसलाय का तुम्ही घोड्यावर?"

"हसा गो, हसा," तो ओरडे, "उद्या तुमच्या नवऱ्यांची पत्रं मुंबईला माघारी धाडतो!"

गुडघे फुटले, कोपर सोलवटलं, त्याचं त्याला काही नव्हतं. अवघड होतं ते बसणं. हरकाऱ्यांचा एक नेम असतो: खांद्यावर थैली असेपर्यंत खाली बसायचं नाही, आणि थैली जमिनीला टेकवायची नाही, भिजू द्यायची नाही. तहान लागली तर उभ्यानेच पाणी प्यायचं. "बसून टपाल न्यायचं म्हंजे मड्यावानी वाटतं रे," तो म्हणाला. शेवटी मीच तोड काढली: थैली मागे सामानाच्या जाळीवर बांधू, मग ती तुमच्या अंगावर नाही. विचार करून त्याने ते मान्य केलं. मात्र हरकाऱ्याची घुंगुरकाठी त्याने दांडीला बांधलीच. काठावरच्या माणसांना टपाल त्या आवाजावरून कळतं.

भाद्रपद संपता संपता तो सावित्री नदीच्या काठाकाठाने महाडहून पोलादपूरपर्यंत न उतरता गेला. मी भाड्याच्या सायकलीवर त्याच्या मागे धापा टाकत होतो. पोलादपुरात पोचल्यावर म्हणाला, "हवा तोंडावर लागते रे. इतकी वर्षं धावलो, पन ही हवा कधी लागली नाय." एवढंच सुख. ते त्याला पुरते तीन आठवडेही लाभलं नाही.

मक्तेदाराने परीक्षा ठेवली. थैली घेऊन दुपारी बाराला दासगाव बंदरावरून निघायचं, दिवस मावळायच्या आत पोलादपूर. सडकेच्या मोऱ्या पावसात वाहून गेल्या होत्या, म्हणून काठची वाट. आणि अट: महाड येईपर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये.

परीक्षा घेणारा मक्तेदाराचा कारकून घाटावरचा. त्याने अष्टमीला दुपारी बाराला जाऊन वाटेची पाहणी केली होती. बांध फुटून जिथे खांड पडली आहे तिथे त्याला नुसता सुका चिखल दिसला. त्याला वाटलं, बाराला इथे ओहोटीच असते. आदल्या संध्याकाळी हरकारा त्याला म्हणाला, "रावसाहेब, उद्या पुनव हाय. दुपारी उधाण येनार. नवाला सोडा, नायतर तीनाला सोडा."

"बारा म्हणजे बारा. पाण्याला का घड्याळ असतं?"

"पान्यालाच असतं, रावसाहेब."

कारकून हसला. मी जन्मभर या खाडीकाठी राहिलेला, भरतीची वेळ तिथीगणिक सरकते, अष्टमीला दुपारी ओहोटी तर पुनवेला भरती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेल्या गावातला. पण मीही म्हणालो, "काका, उगाच कारणं काढू नका, तुम्हाला येतंय." मला परीक्षा जिंकायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी कारकून आणि मी महाडच्या बाजूने खांडीपाशी जाऊन उभे राहिलो. डोळ्यांदेखत पाणी चढलं. तिवरांची खोडं बुडाली, बांधाची तुटकी टोकं बुडाली. "हे कुठून आलं?" कारकून म्हणाला. मग घुंगरू ऐकू आले. हरकारा पलीकडच्या टोकाला आला. खाली उतरला. थैली सोडून डोक्यावर घेतली, सायकल खांद्यावर घातली आणि पाण्यात शिरला. कमरेइतकं, मग छातीइतकं. थैली हलली नाही.

अलीकडे आल्यावर कारकून म्हणाला, "पाय टेकला."

"पाय टेकला," हरकारा म्हणाला, "थैली नाय टेकली."

वाद घालायला तो थांबला नाही. थैली बांधली आणि ओल्या धोतराने पोलादपूरपर्यंत गेला. मी मागोमाग होतो. दिवस मावळायच्या आत थैली पोचली, कोरडी, आणि त्याच संध्याकाळी पत्रं वाटली गेली.

चार दिवसांनी त्याला काढलं. पाय टेकला म्हणून काढलं असतं तर मी अटीवर भांडलो असतो. पण हुकमाच्या कागदावर लिहिलंय: पाण्याला भिऊन टपाल खोळंबवलं, थैली भिजवली. सव्वीस पावसाळे ज्याने ती जमिनीला लावली नाही, त्याच्यावर हा डाग. तो आता वाडीत ओसरीवर बसून असतो. खोकतो. मी गेलो तर सायकलीचं नाव काढत नाही. एकदाच म्हणाला, "नोकरी जाऊ दे रे. भिजवली असं का लिवलं?"

मी टपालखात्याच्या वरिष्ठांकडे अर्ज केला आहे. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. पत्रकं काढणाऱ्याला कोण विचारतो. किंमत तुमच्या कागदाला आहे. पोलादपूरकरांनो, त्या पुनवेच्या संध्याकाळी ज्यांना ज्यांना पत्र मिळालं त्यांनी पेट्या उघडा. पाकिटावरचा शिक्का बघा, शाई फुटली आहे का बघा. फुटलेली नसणार. ते पाकीट घेऊन येत्या बाजारच्या दिवशी पिंपळाखाली या आणि अर्जावर सही करा, येत नसेल तर अंगठा द्या. तुमचं पत्र त्याने छातीइतक्या पाण्यातून कोरडं आणलं. आता तुम्ही ते चार पावलं चालून माझ्यापर्यंत आणा.