छपरावरचं पाणी

आर्वीच्या एसटी आगारात रूपरावांनी एकतीस वर्षं पत्रे ठोकले. झाडाला घासून आलेली, ट्रकनं चेपलेली, मोर्च्यात दगड खाऊन आलेली, कसलीही गाडी असो, रूपराव हातोडी घेऊन तिच्या बाजूला मांडी घालून बसत. पत्र्यावरून नुसता अंगठा फिरवला की हा पोचा आतून निघेल की बाहेरून, ते त्यांना कळायचं. घरात मात्र त्यांना कोणी विचारत नव्हतं. तिथं बायकोचा, कोकिळाबाईंचा शब्द शेवटचा, आणि रूपरावांना त्याचं वाईटही वाटत नसे. डोकं मी आगारातच ठेवून येतो, असं ते हसत हसत सांगायचे.

कोकिळाबाईंचा एक नियम होता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा अन्नाचा कण घ्यायचा नाही, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. त्यांच्या आईनं तो पाळला होता, आजीनंही पाळला होता. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत घरोघरी पाळणा हलतो आणि असला नियम आपोआप सुटतो, म्हणून तो कोणाला जाचत नाही. ज्यानं कोणी तो केला त्याच्या लेकी फार नशीबवान असाव्यात.

त्यांच्या लेकीचं, सुरभीचं लग्न पंच्याण्णव साली झालं. जावई प्रफुल सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होता. दोघंच दोन खोल्यांत राहायची. सुरभीला दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. नियम काही सुटेना. रूपराव आणि कोकिळाबाई भेटायला निघाली की वर्ध्याच्या स्टँडवरच पोटभर पाणी पिऊन घेत, सावंगीला दोन तास बसत आणि घसा सुकायला लागला की उठत. सुरभी दर खेपेला सवयीनं तांब्या-गिलास घेऊन बाहेर यायची आणि तसाच आत घेऊन जायची. रूपरावांना ते बघवत नसे, म्हणून ते त्या वेळी चपला शोधायला लागत.

दोन हजार दोनच्या संक्रांतीला तिला तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पलंगावरून उठायचं नाही, आणि गाडीचा प्रवास तर मुळीच नाही. म्हणजे माहेरपणाला आर्वीला आणायची सोय नव्हती. प्रफुलच्या पाळ्या रात्रंदिवसाच्या, त्याचे आईवडील देवळीला शेतीत अडकलेले. कोकिळाबाईंनीच जायला हवं होतं, आणि तेही चार-सहा महिने.

"जाजो ना मंग," रूपराव म्हणाले. "तुले कोणी अडवलं?"

"अन् खाऊ काय? हवा?"

"आपलं पीठ-तांदूळ घेऊन जाय. तिच्या गॅसवर आपलं शिजवजो."

"तिच्या घरात रांधलं की मीठ चाखा लागते. चाखलं म्हणजे खाल्लंच ना?"

दोन दिवस रूपराव भंगाराच्या दुकानांतून हिंडले. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून एक मेटाडोर दोरीनं ओढत घरी आली. घर लेकीचं चालत नाही ना, मग आपलंच घर तिच्या दारात नेऊन उभं करायचं, असा त्यांचा बेत होता.

मेटाडोरीत अडचण एकच होती. आत ताठ उभं राहता येत नव्हतं, आणि कोकिळाबाईंच्या कमरेला कायमचा पट्टा. वाकायला त्यांना मनाई होती. रूपरावांनी छप्पर चौफेर कापून सुटं केलं आणि एसटीच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं नवं, हलकं छप्पर बसवलं. ते दोन फूट वर उचललं जायचं. मधल्या फटीत चहूबाजूंनी ताडपत्री शिवली. मारुतीच्या डिक्कीला असतात तसे गॅसचे चार दांडे कोपऱ्यांना लावले. छपराचं सगळं वजन ते दांडेच पेलत. कोकिळाबाईंनी आतून कडी काढून एका हातानं ढकललं की छप्पर अलगद वर जाई. पहिल्यांदा ते वर गेलं तेव्हा त्या आत ताठ उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "बाई, हे तं आपल्या सैपाकघरापेक्षा बरं हाये." एकतीस वर्षांत आगारानं रूपरावांना एवढं मोठं बक्षीस दिलं नव्हतं.

पण मग पाण्याचा प्रश्न आला. लेकीच्या नळाचं पाणी चालणार नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी सरकारी हातपंप होता, त्याचं चालणार होतं. ते साठवायचं कुठं? रूपराव म्हणाले, सीटखाली टाकी ठेवू. कोकिळाबाई म्हणाल्या, ज्याच्यावर माणूस बसते त्याच्या खालचं पाणी मी पेणार नाई. झालं. सत्तर लिटरची टाकी छपरावर चढली आणि रबरी नळी आत आली.

सत्तर लिटर पाणी म्हणजे सत्तर किलो वजन. छप्पर जागचं हलेना. रूपरावांनी आणखी दांडे लावले आणि मेटाडोर ओढत नेऊन सावंगीला लेकीच्या दारात उभी केली. आता टाकी भरलेली असली की छप्पर मजेत वर जायचं. पण दिवसभर पाणी वापरून संध्याकाळी टाकी रिकामी झाली की तेच दांडे अंगात आल्यासारखे करत. छप्पर खाली ओढलं तरी बसेना. एकदा रूपरावांनी लोंबकळून ते कसंबसं खाली आणलं, तर कडी लावायच्या आतच ते उसळलं आणि त्यांची हनुवटी फोडून वर गेलं. प्रफुलनं त्यांना दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. परत आणून त्यानं सासऱ्यांना घरात खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा गिलास पुढं केला. हनुवटीला पांढरी पट्टी बांधलेले रूपराव त्या गिलासाकडे बघत राहिले, घसा तर तहानेनं पार चिकटला होता, आणि मग मान हलवून नको म्हणाले. प्रफुल समजूतदार पोरगा. त्यानं गिलास उचलून ठेवला. आतल्या खोलीत पलंगावर सुरभी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

वजन कायमचं असलं तर त्याची तजवीज करता येते. रूपरावांनी बसच्या टपावर सामानाच्या कड्या बसवल्या होत्या, त्यांना हे ठाऊक होतं. हे वजन मात्र सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. शेवटी त्यांनी बाजूच्या बांधकामावरून वीस-बावीस विटा मागून आणल्या. सकाळी टाकी भरली की विटा खाली काढायच्या. पाणी जसजसं उतरेल तसतशी एकेक वीट वर चढवायची. म्हणजे छपराचं वजन दिवसभर सारखंच, दांडेही खूश आणि कोकिळाबाईही. साठी उलटलेला हा माणूस दिवसातून आठ-दहा वेळा शिडीवर चढायचा आणि एक-दोन विटा ठेवून खाली यायचा. गल्लीतल्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. समोरचे ओमप्रकाश किराणावाले तर रोज विचारायचे, "काय रूपरावजी, किती मजले झाले?"

असे तीन महिने गेले. कोकिळाबाई मेटाडोरीत ताठ उभ्या राहून रांधायच्या आणि ताट झाकून लेकीच्या उशाशी न्यायच्या. तिला भरवायच्या, तिच्या केसांना तेल लावायच्या, आणि तहान लागली की दारातल्या आपल्या घरात येऊन पाणी पिऊन जायच्या. सुरभीच्या पलंगासमोरच खिडकी होती. तिला आईचं पिणं दिसायचं आणि बापाच्या विटाही दिसायच्या.

मे महिन्यात एका पहाटे प्रफुल धावत मेटाडोरीशी आला. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता, तरी उपयोग झाला नाही. सहावा महिना लागला होता. मुलगी होती.

चार दिवसांनी सुरभी घरी आली. ती रडली नाही. कोकिळाबाईंनी नेलेलं ताट तसंच परत यायचं. रूपरावांना काय करावं ते समजेना. त्यांना जे येत होतं ते ते करत राहिले, हातपंपावरून पाणी आणायचं, टाकी भरायची, विटा चढवायच्या.

ती घरी आल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते शिडीवर होते. हातात वीट होती. घराचं दार उघडलं आणि सुरभी भिंतीला धरून बाहेर आली. अंगात गाऊन, डोक्याला रुमाल, हातात पाण्यानं भरलेला गिलास. डॉक्टरांनी उठू नको म्हटलं होतं. रूपराव ओरडणार होते, पण तिचा चेहरा पाहून शिडीला धरून तसेच राहिले.

ती मेटाडोरीच्या दाराशी आली. आत कोकिळाबाई वरण फोडणीला टाकत होत्या.

"आई, हे पाणी पे."

कोकिळाबाईंच्या हातातली पळी थांबली. "तू काऊन उठली? चाल, आंदर चाल पह्यले."

"पे म्हणतो ना मी."

"सुरभी, असं नसते बेटा. एवढी सात वर्षं..."

"मले पोरगं झालं तरच मी तुही पोरगी हावो का?"

गल्लीत कोणीतरी सायकलवरून उतरून उभं राहिलं. ओमप्रकाश दुकानातून बघत होते. कोकिळाबाईंनी शेगडी बंद केली. खाली उतरायला त्यांना वेळ लागला, कमरेनं ऐकलं नाही.

"तुह्यासाठीच पाळलं वं मी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज रूपरावांनी असा कधी ऐकला नव्हता. "मी मधातच पाणी पेलं अन् तुह्या पोटातल्याले काई झालं, तर मी कोणाले तोंड दाखवणार होती? म्या पाप केलं म्हणून झालं असंच वाटलं असतं मले जन्मभर."

"नाई पेलं, तरी झालंच ना, आई."

कोकिळाबाईंनी पदराला हात पुसले. लेकीनं गिलास आणखी पुढं केला, पाणी तिच्या बोटांवर सांडलं. "तीनदा झालं," सुरभी म्हणाली. "अन् तीनई वेळा तू माह्या दारातून तहानलेली गेली. मले पोरगं नाई म्हणून. मले रोज सांगून राह्यली तू ते."

शिडीवर रूपरावांनी हे ऐकलं. सात वर्षं आपण चपला शोधत होतो आणि पोरगी हे सोसत होती. मेटाडोर केली, दांडे लावले, विटा वाहिल्या, सगळी कारागिरी केली, पण एकदा बायकोला 'पे ते पाणी' म्हणायचं धाडस मात्र झालं नाही. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

कोकिळाबाईंनी दोन्ही हातांनी गिलास घेतला. मान वर करून, एका दमात, थेंबही न ठेवता त्या पाणी प्यायल्या. मग गिलास तसाच छातीशी धरून त्यांनी लेकीला जवळ ओढलं, आणि सुरभी दहा दिवसांत पहिल्यांदा रडली. मोठ्यानं, हंबरडा फोडून रडली. कोकिळाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "चुकलं वं माय, माहं चुकलं."

रूपरावांनी हातातली वीट खाली सोडून दिली. मग छपरावरच्या सगळ्या विटा एकामागून एक खाली काढल्या आणि टाकीचं झाकण उघडून सगळं पाणी ओतून दिलं. पाणी गल्लीतून उताराला धावत ओमप्रकाशच्या पायरीपर्यंत गेलं. छप्पर वरच्या वर ताठ उभं होतं. आता ते कधी बसणार नव्हतं आणि कोणाला बसवायचंही नव्हतं.

दुपारी घरात चौघांची पानं मांडली. प्रफुल पाळी सोडून आला होता. कोकिळाबाई लेकीच्या गॅससमोर उभ्या राहिल्या, वरणात मीठ टाकलं, पळीतून थेंब तळहातावर घेतला, क्षणभर थांबल्या आणि चाखला. सुरभी भिंतीला टेकून बसली होती. तिनं तांब्या ओढला आणि बापापुढं गिलास भरून ठेवला. रूपरावांनी तो संपवला. तिनं परत भरला, त्यांनी परत संपवला. तिसऱ्या गिलासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी ते पीतच राहिले.

"बाबा, हळू पेजा ना," सुरभी म्हणाली. "ठसका लागन."