धुरी दिलेली खोली

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी हाती पडलंच तर माफ करावं.

लेकीचं पहिलं बाळंतपण इथे, माले गावात, माहेरी व्हायचं ठरलं होतं. पण बाळ दिवस भरायच्या आधीच झालं आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं. डॉक्टर म्हणाले, त्याला साधी सर्दीसुद्धा होता कामा नये. मारुंजीत जावयांच्या फ्लॅटमध्ये हवा गाळायचं मशीन होतं. त्याच्या जाळीला औषध लावलेलं असतं, खोकल्यातले जंतू तिच्यात अडकून मरतात, असं लेकीने समजावलं. तसं मशीन घेतलंस तर सव्वा महिना येते, म्हणाली.

मी बचत गटातून पैसे उचलून मशीन आणलं. आमचे हे हसले. "आज हवा गाळतीस, उद्या ऊन गाळ." पण खिडकीच्या फटी त्यांनीच बुजवल्या.

ती यायच्या दिवशी मी खोली पुसली, बाज टाकली आणि बाळंतिणीला देतात तशी, निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून धुरी दिली. दारं-खिडक्या लावून. मशीन चालूच ठेवलं. दोन्ही मिळून खोली आणखी चांगली होईल, असं वाटलं.

लेक बाळाला घेऊन उंबऱ्यात आली, तेव्हा मशीनवर लाल दिवा होता. जावयांनी जाळी काढून पाहिली. काळी पडली होती.

"आई, हिचा आता उपयोग नाही. आणि ह्या धुरात बाळाला ठेवता येणार नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

लेक बाजेकडे बघत राहिली. "मला हितं निजायचं हुतं गं, आई."

चहाही न घेता गेली. दुपट्यातलं तोंड मी लांबूनच पाहिलं.

नवी जाळी आणली, तीही गटाच्याच पैशातून. लवळ्याला हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटून हप्ते भरले. तिथे कुणी खोकलं की मी पदर नाकाला लावते. न जाणो, आजच लेक यायची. सव्वा महिना केव्हाच सरला. नातू फोनवर मला बघून हात हलवतो. लेक म्हणते, थंडी सरू दे, मग येते. संध्याकाळी मी मशीन थोडा वेळ लावते आणि बाजेवर बसते. आता खोलीला कसलाच वास नाही. बाळाच्या तेलाचाही नाही.

आज गटाच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "लेक आली का गं?"

मी शेवटचा हप्ता त्यांच्या हातात ठेवला. सगळे पैसे फिटले.