ताणा संपेपर्यंत

माझं लग्न ठरलं तेव्हा मामंजींनी वडिलांना शब्द दिला होता, "मागावरचा एवढा ताणा संपला की माग काढतो." वडिलांनी मान डोलावली आणि मीही खुळ्यासारखी विश्वासले. आम्ही विणकरांपैकीच, पण वडील ठाकूरद्वारला पेढीवर कारकून. आमच्या घरात माग मी कधी पाहिलाच नव्हता. ताणा म्हणजे उभं सूत, विणून झालं की संपतं, एवढंच मला ठाऊक.

लालबागच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत निम्मी जागा मागाची. उरलेल्या निम्म्यात चूल, मोरी, ट्रंका आणि आम्ही चौघं. मामंजींनी उभा जन्म गिरणीत यंत्रमाग चालवले, पण त्याला ते विणणं म्हणायचेच नाहीत. "ते पोटासाठी," म्हणायचे. गिरणी सुटली तरी घरचा माग सुटेना. चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच खटक-खटक सुरू. आमटीत सुताची कुसं, अंथरुणात कुसं. लुगड्याचा काठ असा सुरेख काढायचे की हात फिरवत राहावं, हे मी आजही कबूल करते. पण काठावर झोपता येत नाही.

मला दिवस गेले तशी माझी घालमेल वाढली. बाळ ठेवायचं कुठं? मामंजी म्हणाले, "मागाच्या दांडीला पाळणा टांग की." मी कपाळावर हात मारून घेतला. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे गेला की सगळा माग हादरायचा.

ह्यांना सांगावं, तर हे सदा शिवाजी पार्कच्या सभेला, नाहीतर मोर्च्याला. मुंबईसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे. घरात बायकोसाठी हातभर जागा मागायला मात्र आवाज फुटत नव्हता. "संपू दे गं ताणा," म्हणायचे आणि चपला घालून चालू पडायचे.

माझी बाजू घ्यायच्या त्या फक्त सासूबाई. "मेला तो माग, काढा एकदाचा," असं दिवसातून कितीदा तरी मामंजींना सुनावायच्या. मला केवढा आधार वाटायचा!

एका दुपारी हरताळामुळे भाजीबाजार बंद होता, म्हणून रिकामी पिशवी घेऊन मी लवकर परतले. मामंजी बाहेर ओट्यावर गप्पा मारत होते. आत सासूबाई मागाच्या पाठीमागे बसल्या होत्या, बोटांना राख लावून. संपत आलेल्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्या सुताचं टोक पिळून जोडत होत्या. तेव्हा मला कळलं, विणकराच्या घरात माग रिकामा होऊच देत नाहीत. जुन्या ताण्याच्या शेपटीला नवा जोडायचा, आणि ते काम घरच्या बाईचं.

"आई, तुम्हीच?"

"मग कोण करणार? माझी सासूपण हेच करायची."

"आणि दिवसभर त्यांना बोलता ते?"

"बोलते की. बोलायला काय जातंय?"

मी तणतणत माहेरी निघून गेले. बाळंतपणाला तसंही जायचंच होतं.

मुलगी घेऊन परतले तर माग जागच्या जागी आणि त्यावर अर्धं लुगडं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. "हा निघाल्याशिवाय मी आत येणार नाही." शेजारणी दारांत जमल्या. हे छताकडे बघत राहिले. मामंजींनी पोरीकडे पाहिलं, कात्री घेतली आणि सगळा ताणा आडवा कापून टाकला. सूत एकदम खाली लोंबलं.

"अहो, अर्धं लुगडं!" सासूबाईंनी हंबरडाच फोडला. आणि माझं डोकं आणखीच भडकलं. कात्री एकदा चालवायचीच होती, तर मला इतके महिने का रडवलं?

दुसऱ्या दिवशी माग खोलून हातगाडीवरून गेला. मी फरशी खसखसून घासली, पोरीचं अंथरूण घातलं. मामंजी चहा संपवून सवयीनं उठले, दोन पावलं गेले आणि थबकले.

"सूनबाई, आता मी कुठं बसू?"

रागानं नाही, खरंच विचारत होते. निम्मी खोली मोकळी पडली होती आणि मला त्यांना एक जागा दाखवता येईना.