तानुआक्कांचा तळहात

तंबाखूचा भुंगेरा कुठला आणि मुंगी कुठली, हे सांगायला भिंग लागत नाही, तानुआक्का लागतात. निपाणीच्या आमच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूची भरलेली पोती, त्याच तपासायच्या. बोदात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर चुरा तळहातावर घ्यायचा आणि गप्प उभं राहायचं. भुंगेरा निघाला तर बोद बाजूला, नाहीतर सगळी वखार किडते.

मी देखरेखीला लागले त्या दिवशीच त्यांनी मला शिकवलं. "दोनी तिळाएवढी, दोनी तांबडी. पर मुंगी हातावर थांबत न्हाय गं, नीलम. भुंगेरा लई बेरकी. हात लागला की पाय आवळून मेल्याचं सोंग घेतोय. धा आकडे मोजायचे. हललं न्हाय की भुंगेरा."

मला त्यांचं कौतुक होतं, आणि रागही यायचा. मुलगी उपासना बेळगावात नर्स. मोतीबिंदू काढून घे म्हणून ती सारखी मागे लागलेली. हा विषय निघाला की आक्का स्वतःच पाय आवळून गप्प. फार झालं तर म्हणायच्या, "जरा धुरकट दिसतंय, काय अडत न्हाय." डोळ्यांचं मालकांना कळलं तर काम जाईल, ही त्यांची धास्ती. मीही खोलात शिरले नाही.

गेल्या फेब्रुवारीत मुंग्या फार झाल्या म्हणून मालकांनी वखारभर पावडर मारली. दुसऱ्या दिवशी आक्कांनी ओळीनं सहा बोद किडके म्हणून बाजूला काढायला लावले. मालकांनी सगळ्यांसमोर ते फोडले. पान स्वच्छ, एक भोक नाही.

मी आक्कांच्या तळहातावर वाकले. बारीक कंबर, लांब पाय. शाळेतल्या पोरीनंही ओळखली असती.

"काय हाय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. "मुंगी हाय, आक्का. मेलेली."

त्या हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मी नकळत आकडे मोजत होते. दहाच्या बरीच पुढे गेले. मग त्यांनी तळहात पदराला पुसला आणि मालकांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"मालक, मला दिसत न्हाय. आज न्हाय, दोन वर्सं झाली."

त्या दोन वर्षांत एकही किडका बोद त्यांच्या हातून सुटला नव्हता. मग आक्का म्हणाल्या, "नीलम, उपासनाला फोन लाव."