दादांनी घेतलेली डॉक्टरांची परीक्षा

माझे वडील, आमचे दादा, पाणाड्या होते. तळहातावर नारळ आडवा धरून लोकांच्या रानातून चालायचे. नारळ उभा राहिला की विहिरीची जागा सांगायचे. दुष्काळाच्या वर्षांत आमच्या भागात भूमपासून वाशीपर्यंत त्यांना बोलावणी यायची. ज्यांच्या विहिरीला आमच्या आजीनं हात लावलेला चालत नव्हता, तीही माणसं बैलगाडी घेऊन दारात उभी राहायची, आणि त्याचं मला अजून बरं वाटतं. बाकी नारळावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. मी शाळेत शिकवणारी, तोंडावर सांगायचे, "पाणी खाली असतंच, तुम्ही नुसतं चालता." दादा हसून सोडून द्यायचे.

पुढं ते चालणंच बंद पडायला आलं. पन्नास पावलं गेली की डाव्या पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. पायाला रक्त पोचत नसेल तर पुढंमागं पाय काढावा लागेल, असं म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी सोलापूरसाठी चिठ्ठी दिली. एसटीत बार्शीपर्यंत मी ती चिठ्ठी चारदा उघडून वाचली. मला फार भीती वाटत होती.

सोलापूरच्या दवाखान्यात नवीन यंत्र आलं होतं. ट्रान्झिस्टरएवढा डबा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला पेन्सिलीसारखी कांडी. चित्रबित्र काही नाही, नुसता आवाज. डॉक्टर म्हणाले, "आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज यातून आत जातो, वाहत्या रक्तावर आपटून परत येतो, तो हा डबा ऐकवतो." आधी उजव्या पायाला गार मलम लावून कांडी टेकवली. खोलीभर सपक्-सपक् घुमलं. "ही रक्ताची नळी लवचीक आहे. फुगते आणि लगेच मागं येते, म्हणून ठोका असा टणटणीत."

मग डावा पाय. मांडीच्या खालच्या अंगाला एका जागी आवाज एकदम चिरका झाला. "इथं नळी अरुंद झालीय," डॉक्टर म्हणाले.

दादा उठून बसले. "डॉक्टरसाहेब, लई चांगलं दाखवलंत. आता कांडी उचला आन् डोळे बांधून पुन्यांदा दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडं पाणाड्याला असंच पारखतात. दाखवलेल्या जागी खूण ठेवत नाहीत; डोळे बांधून त्याला दुसऱ्या बाजूनं आणतात, आणि तो तिथंच थांबला तरच कुदळ मारतात. दादा या परीक्षेत कितीदा तरी पास झाले होते, दोनदा सपशेल नापासही.

"दादा, हे रान न्हाय, दवाखाना हाय," मी दटावलं.

"पाय माझा हाय. कापायच्या आधी खातरी नको व्हय?"

डॉक्टर चिडले नाहीत. हसले, आणि नर्सबाईंकडून खरोखर डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. कांडी मांडीवरून हळूहळू खाली सरकू लागली. गुडघ्याच्या चार बोटं वर, त्याच जागी, तोच चिरका आवाज आला. तसेच चाचपत ते घोट्यापर्यंत उतरले. तिथं काहीच ऐकू येईना. दादांनी माझं मनगट धरलं.

आणि मग अगदी बारीक, मऊ आवाज आला. फस्स. फस्स.

डॉक्टरांनी रुमाल काढला. "कमी आहे, पण रक्त खालपर्यंत पोचतंय. पाय काढायचा नाही. बिडी आजपासून बंद. आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, राहिलं की परत चालायचं. आजूबाजूच्या बारक्या नळ्या हळूहळू मोठ्या होतील."

"पास झालात," दादा त्यांना म्हणाले, आणि खिशातलं बिडीचं बंडल टेबलावर ठेवलं. बिडी सोडा म्हणून मी इतकी वर्षं डोकं फोडूनही जे झालं नाही, ते एका रुमालानं झालं!

बाहेर मी रिक्षा थांबवली. दादांनी ती परत पाठवली. स्टँडपर्यंत ते सात वेळा थांबले, पोटरी धरून उभे राहिले, परत चालले. मी मागून येत होते, आणि मला हसूही येत होतं, रडूही. बार्शीची गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. म्हटलं, जाऊ दे. दुसरी येईल, माझ्या बापाला चालू दे.